विद्यापीठाच्या परिसरात सायकलवरची गस्त कितपत भरवशाची?

प्रश्न (नाशिकची आई): माझी मुलगी यंदा पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत गेली आहे. तिच्या विद्यापीठातले सुरक्षा अधिकारी सायकलवरून गस्त घालतात, असे तिने कळवले. ती रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबते. प्रसंग ओढवल्यास सायकलवरचा माणूस वेळेवर पोहोचेल का?

उत्तर (माजी विद्यार्थी): ताई, आपली काळजी रास्त आहे, परंतु ग्रंथालय, वसतिगृहे आणि प्रयोगशाळा यांना जोडणाऱ्या पायवाटांवर मोटार शिरतच नाही, आणि तिला जिथे रस्त्याने वळसा घालून यावे लागते तिथे सायकल आडवाटेने आधी पोहोचते. १९८७ मध्ये सिअॅटल शहराच्या मध्यभागी बस बोगद्याच्या कामामुळे रस्ते तुंबले, तेव्हा तिथल्या पोलिसांनी माउंटन बाइकवरून गस्त सुरू केली. पुढे ही पद्धत अनेक विद्यापीठांनीही स्वीकारली. सायकलस्वार आणि आवार यांच्यामध्ये बंद काच नसते, त्यामुळे हाक, रडणे, काच फुटल्याचा आवाज त्याच्या कानावर पडतो. मला मात्र याहून मोलाचे वाटते ते असे, की परक्या देशात नव्याने आलेली मुलगी पोलिसांच्या मोटारीला हात करायला कचरते, पण शेजारून हळू जाणाऱ्या सायकलस्वाराशी ती बोलते.

उत्तर (सुरक्षा विभागात काम केलेला): वरील म्हणणे मला मान्य आहे. तरीही नुसती सायकल येऊन भागत नाही. चालण्याच्या वेगाने गर्दीत तोल सांभाळणे, पायऱ्यांवरून सायकल उतरवणे, चालत्या सायकलवरून उतरून लगेच सज्ज होणे, हे सारे सरावानेच येते. शिवाय जखमी माणसाला हलवायचे असेल, बर्फ पडला असेल किंवा आवाराचे दुसरे टोक गाठायचे असेल, तर मोटारच लागते. म्हणून रात्रपाळीला सायकलींच्या जोडीला मोटार असते का, हे मुलीला अवश्य विचारायला सांगा. १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार, सरकारी विद्यार्थी साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या विद्यापीठांना दरवर्षी सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यात मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांची आकडेवारी असते. तो अहवाल संकेतस्थळावर मिळेल. आपण स्वतः वाचावा.

नाशिकची आई: दोघांचीही मी आभारी आहे. अहवाल आजच वाचते. रात्री वसतिगृहापर्यंत कोणी सोबतीला येते का, हेही तिला विचारायला सांगते.

उत्तर (सुरक्षा विभागात काम केलेला): अशी सोय पुष्कळ विद्यापीठांत असते. त्या सोयीचा दूरध्वनी क्रमांक मुलीने आधीच जवळ ठेवावा.