मदत हवी आहे: बडोद्याहून रण, एका दिवसात, स्वतःच्या गाडीने

दांडियाबाजारवाला
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुमारास पुण्याचे पाहुणे येतायत, त्यांना रण दाखवायचंय. पहाटे निघायचं आणि रात्री घरी, मुक्काम नको. रस्ता कुठून धरायचा, गाडी आत किती लांब नेता येते आणि जेवायचं कुठे एवढंच सांगा. गूगल करून झालंय, तिथे नुसते पॅकेजवाले अंगावर येतात म्हणून इथे विचारतोय. जरा पटकन.

मोडका_मैलदगड
कुठलं रण?

दांडियाबाजारवाला
कच्छचं. आपल्याकडे दुसरं कुठलं असणार?

मोडका_मैलदगड
अहो दोन आहेत. फोटोत दिसतं ते पांढरंशुभ्र म्हणजे धोरडोचं, मोठं रण, ते भूजच्याही पुढे ऐंशीएक किमी. बडोद्याहून एका बाजूनेच जवळपास पाचशे होतात, एका दिवसात जाऊन याल पण रण दिसणार नाही, फक्त ट्रकच्या पाठी दिसतील. दुसरं छोटं रण, विरमगामच्या पुढे दसाडा, झैनाबाद, बजाणा या बाजूने आत जातात. ते दोनशेच्या आसपास, चार तास धरा. तुम्हाला हे जमेल.

दांडियाबाजारवाला
मग छोटंच. पण ते पांढरं असतं ना? मेव्हणीने सगळ्यांना पांढरे कपडे घ्यायला लावलेत.

अलकापुरीची_मावशी
नाही रे बाबा, छोटं रण मातकट असतं. भेगा पडलेली सपाट जमीन, मधे मधे गांडो बावळ (वेडी बाभूळ) आणि लांबवर घुडखरांचा, म्हणजे रानगाढवांचा कळप. पांढरं फक्त मिठागरांपाशी. पांढरे कपडे घालून गेलात तर येताना खाकी घालून याल.

तारापूर_झिंदाबाद
एक्सप्रेस वेच्या नादाला लागू नका. वासदवरून तारापूर, बगोदरा धरा, पुढे लिंबडी, सुरेंद्रनगर, ध्रांगध्रा. अहमदाबादचं तोंडसुद्धा बघावं लागत नाही. मी गेली कित्येक वर्षं याच रस्त्याने जातो.

मोडका_मैलदगड
ध्रांगध्र्याच्या गेटने जायचं असेल तर ठीक. त्यांना दसाड्याला जायचं असेल तर दुमाडवरून एक्सप्रेस वे, मग अहमदाबादच्या रिंग रोडने बाहेरच्या बाहेर साणंद, विरमगाम. उगाच द्राविडी प्राणायाम कशाला?

तारापूर_झिंदाबाद
रिंग रोडवर रविवारी संध्याकाळी अडकून बघा, मग बोलू.

खादाड_बोका
जेवणाचं विचारलंय त्याला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून सांगतो, पहाटे निघताना सेव उसळ मिळणार नाही, आदल्या रात्रीच पॅक करून घ्या पण तरी (झणझणीत रस्सा) वेगळी, सेव वेगळी आणि पाव वेगळे, नाहीतर साणंद येईपर्यंत लगदा होतो. रणात आत काही म्हणजे काही मिळत नाही. बाहेरच्या गावांत बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी मिळाली तर सोडू नका.

घुडखर७०
गाडी कुठली आहे? किती जण? आत गाडी नेण्याबद्दल मी अनुभवाचे बोल सांगतो. आम्ही दोन मित्र शहाणे, जीपचे पैसे वाचवायला आपल्याच सेडानने एका कच्च्या वाटेने आत घुसलो. समोर टायरच्या खुणा होत्या, म्हटलं रस्ताच आहे. जमीन वरून पापडासारखी कडक, खाली शिरा! उजवं पुढचं चाक आधी नुसतं बसल्यासारखं वाटलं, मी रेस दिली तसं ते अजून खाली गेलं आणि काळा, खारट वासाचा चिखल काचेपर्यंत उडाला. मोबाईलला रेंज नाही. दोन तासांनी एका अगरियाचा (मीठ पिकवणाऱ्याचा) ट्रॅक्टर आला, त्याने ओढून काढलं आणि पैसे घ्यायलाही तयार नव्हता, चहा पाजला वर. तेव्हा गाडी गेटवर किंवा गावात ठेवा, वनखात्याची परमिट काढा आणि वाट माहीत असलेल्याची जीप घ्या.

दांडियाबाजारवाला
सीएनजी हॅचबॅक. पाच मोठे, दोन लहान.

घुडखर७०
सात जण एका हॅचबॅकमध्ये?? आणि डिकीत सिलेंडर?

दांडियाबाजारवाला
लहान मुलं मांडीवर बसतात हो. विचारलंय ते सांगा.

अलकापुरीची_मावशी
मोठ्यांत वयस्कर कोणी आहे का?

दांडियाबाजारवाला
सासरे, ७६. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण चालतात काठी घेऊन. खरं तर त्यांचाच हट्ट आहे. मीठ कसं करतात ते त्यांना बघायचंय, समुद्र लांब असताना जमिनीतून मीठ कसं येतं म्हणून रोज फोनवर विचारतात.

घुडखर७०
आधी सांगायचंत ना! जीपमध्ये कंबरेचे हाल होतात, त्यांना पुढे बसवा. मिठाचं म्हणाल तर जमिनीखालचं पाणीच समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त खारट, अगरिये विहीर खणून ते पंपाने वर काढतात (पूर्वी डिझेलवर, आता बऱ्याच ठिकाणी सोलर), वाफ्यांत सोडतात, रोज दंताळं फिरवतात आणि मार्च-एप्रिलला मीठ काढतात. म्हणजे दिवाळीला त्यांना मीठ दिसणार नाही, वाफे बांधताना माणसं दिसली तर नशीब.

जुना_पापी
एवढ्या खटाटोपापेक्षा पावागडला जा. रोपवे आहे.

खादाड_बोका
रण विचारलंय, डोंगर नाही.

मोडका_मैलदगड
एक मिनिट. दिवाळीच्या सुमारास म्हणजे नक्की कोणती तारीख?

दांडियाबाजारवाला
१२ ऑक्टोबर, रविवार. १३ ला सकाळी त्यांची गाडी आहे.

मोडका_मैलदगड
बोंबला. छोटं रण म्हणजे घुडखरांचं अभयारण्य, ते १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. पावसात तिथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी भरतं, घुडखर उंचावरच्या बेटांवर जातात. त्यामुळे १२ ला परमिट मिळणार नाही.

दांडियाबाजारवाला
हे पहिल्याच उत्तरात सांगता आलं असतं.

मोडका_मैलदगड
तारीख पहिल्याच प्रश्नात सांगता आली असती.

अलकापुरीची_मावशी
भांडू नका. मोढेऱ्याला न्या त्यांना. अहमदाबाद, मेहसाणा करून जायचं, डांबरी रस्ता देवळापर्यंत. भीमदेव सोलंकीच्या काळातलं सूर्यमंदिर, जवळपास हजार वर्षांचं, कुंडात उतरायची गरज नाही, वरूनच सगळं दिसतं. पुढे तासाभरात पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. सासऱ्यांच्या हातात शंभराची जांभळी नोट द्या आणि मागची बाजू बघायला सांगा, तीच ती वाव. पायऱ्या मात्र उतरू देऊ नका, वरच्या कठड्यापाशी बाकडं शोधा.

दांडियाबाजारवाला
हे जमेल असं वाटतंय. सासऱ्यांना आत्ताच फोन केला, म्हणाले ठीक आहे पण मार्चमध्ये मिठासाठी परत येतो, आठ दिवस राहीन. बायको खूश, माझं काय ते विचारू नका. मार्चमध्ये नवीन धागा काढतो, तारखेसकट.

तारापूर_झिंदाबाद
मोढेऱ्याला पण वासद, तारापूर, बगोदरा करून

मोडका_मैलदगड
नाही.

जुना_पापी
सीएनजी हॅचबॅक कितव्या सालची आहे? भाच्याला घ्यायचीये, विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.