‘द ग्रेट गॅट्सबी’ : पैशाचा हिशोब मांडत वाचलंत तर काय काय दिसतं?

निळी_शाई
भाचीच्या एम.ए.च्या यादीत फिट्झजेराल्डची ‘गॅट्सबी’ ही अमेरिकन कादंबरी दिसली आणि ती मोत्यांची माळ पुन्हा डोळ्यांपुढे आली. किंमत साडेतीन लाख डॉलर. टॉम ब्यूकॅनन लग्नाच्या आदल्या दिवशी ती होणाऱ्या बायकोला, डेझीला देतो. त्याच कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या निकच्या घराचं भाडं महिना ८० डॉलर आहे. म्हणजे त्या माळेच्या किमतीत त्या घराचं साडेतीनशे वर्षांहून जास्त भाडं निघतं! फिट्झजेराल्ड आकडे उगाच टाकत नाही. टॉमचा वडिलोपार्जित पैसा, डेझीचा जुना प्रियकर गॅट्सबी याचा तीन वर्षांत उभा केलेला पैसा आणि गॅरेजवाल्या विल्सनकडे नसलेला पैसा, या तिन्हींच्या जाती वेगळ्या आहेत आणि कुणाचं प्रेम तरणार हे त्यावरच ठरतं, असं माझं ठाम मत. वाचताना, शिकवताना, वाचनगटात तुम्हाला कुठली रक्कम, कुठली वस्तू अडकवते? प्रकरणाच्या आकड्यासकट लिहा.

घडीचा_कोट
कपडे!! दुसऱ्या प्रकरणात विल्सनची बायको मर्टल सांगते, लग्नात विल्सनच्या अंगावरचा सूट उसना होता आणि मालक तो परत न्यायला दारात आला तेव्हा तिला कळलं. दुपारभर रडली. नवरा मनातून उतरला तो तेव्हाच.
आता गॅट्सबी. १९१७ला लुईव्हिलमध्ये डेझीच्या घरी जातो तो लष्करी गणवेशात, त्यामुळे खिसा रिकामा असल्याचं कुणाला दिसत नाही (प्रकरण ८). युद्ध संपल्यावरही अंगात गणवेशच, कारण साधे कपडे घ्यायची ऐपत नाही. हे त्याचा धंद्यातला साथीदार वुल्फशाइम नवव्यात सांगतो. दोघं भेटले त्याच दिवशी गॅट्सबी अर्ध्या तासात चार डॉलरहून जास्तीचं जेवला होता. मग पाचव्यात इंग्लंडहून आलेल्या शर्टांचा ढीग. पार्टीत एका पाहुणीचा झगा खुर्चीला अडकून फाटला तर आठवड्याच्या आत तिला २६५ डॉलरचा नवा घरपोच (प्रकरण ३). निकचं तीन महिन्यांचं भाडं भरून वर पंचवीस उरतील. आणि एवढं करूनही टॉम त्याच्या गुलाबी सुटावर बोट ठेवतो आणि तो ऑक्सफर्डला शिकल्याची गोष्ट उडवून लावतो. नवश्रीमंताने खर्च किती केला याला टॉमच्या लेखी काही मोल नाही, रंग चुकला की संपलं.

पानगळ
वा, उसना सूट कधी असा जोडून बघितला नव्हता.

चौथा_मजला
ऑक्सफर्ड मात्र खोटं नाही हं. १९१९मध्ये पाच महिने होता तिथे. युद्धानंतर काही अधिकाऱ्यांना तशी संधी मिळाली होती, हे तो सातव्यात हॉटेलच्या खोलीत सर्वांसमोर सांगतो.

आंबटगोड
डेझीला लोभी म्हणून मोकळं होऊ नका कृपया. चौथ्या प्रकरणातला, डेझीची मैत्रीण जॉर्डन हिने सांगितलेला प्रसंग सावकाश वाचा. लग्नाआधीच्या मेजवानीला अर्धा तास उरलाय. डेझीच्या एका हातात सोटर्न वाइनची बाटली, दुसऱ्यात पत्र. पलंगावर घेतलेल्या कचऱ्याच्या टोपलीतून ती माळ काढते आणि ज्याची त्याला देऊन टाका म्हणते. जॉर्डन नि आईची मोलकरीण दार लावून तिला गार पाण्याच्या टबात बसवतात. पत्र मुठीतच, त्याचा ओला गोळा झालेला. तुकडे सुटायला लागल्यावर कुठे ते साबणाच्या भांड्यात ठेवू देते. कपाळावर बर्फ लावतात, झग्याचे हूक पुन्हा अडकवतात, अर्ध्या तासानं माळ गळ्यात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न. पत्र कुणाचं ते जॉर्डन सांगत नाही, सांगायची गरजही नाही. बायका मिळून एका बाईला शुद्धीवर आणून ठरलेल्या जागी उभी करतात, यात लोभ कुठे आला?

घडीचा_कोट
@आंबटगोड मान्य. पण १९२२ला सातव्या प्रकरणात टॉम की गॅट्सबी अशी पुन्हा निवड करायची वेळ येते तेव्हा टब नाही, मोलकरीण नाही.

आंबटगोड
पण तेव्हा टॉमने गॅट्सबीच्या औषधांच्या दुकानांतल्या चोरट्या दारूविक्रीचं बाहेर काढलंय ना! ती त्यानंतर मागे सरकते. पानं उलटून क्रम बघा.

मोजमाप
दारूचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बरेचजण अडतात. अमेरिकेत देशभर दारूबंदी जानेवारी १९२०पासून डिसेंबर १९३३पर्यंत. बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा. नुसतं पिणं त्या केंद्रीय कायद्यात गुन्हा नव्हता. (आपल्या १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिण्यालाच परमिट लागतं, म्हणून आपल्या वाचकाचा घोळ होतो.) औषध म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची ती औषधांच्या दुकानात. गॅट्सबी नि वुल्फशाइमने न्यूयॉर्क-शिकागोच्या गल्लीबोळांतली औषधांची दुकानं का घेतली ते इथे कळतं. आडोसा हवा तर दुकान कायदेशीर हवं. आत मद्यार्क गल्ल्यावरून सर्रास विकला जायचा. शिवाय नवव्यात शिकागोहून फोन येतो की रोखे खपवताना एकजण पकडला गेला, रोख्यांचे क्रमांक न्यूयॉर्कहून आधीच आले होते. म्हणजे धंदे दोन. एवढ्या पार्ट्या, एवढा वाडा तीन वर्षांत कसा, याचं उत्तर या दोन जागी मिळतं. तिसरीकडे शोधू नका.

खिडकीतली
संत्री विसरलात सगळे. दर शुक्रवारी गॅट्सबीकडे पाच खोकी संत्री-लिंबं येतात, सोमवारी सालींचा ढीग मागच्या दारानं बाहेर. अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढणारं यंत्र आहे, पण त्याचं बटण नोकरानं अंगठ्यानं दोनशे वेळा दाबायचं! यंत्र आणलं तरी राबणारा हात तोच.

एकरेघी
वाचनगटासाठी एक पद्धत सुचवते, खूप उपयोगी पडते. गॅट्सबीचं आयुष्य कादंबरीत उलटसुलट पेरलंय. एका कागदावर सरळ लावा:
डॅन कोडी या लक्षाधीशाची नौका, गॅट्सबीनं स्वतःचं नाव बदलणं → प्रकरण ६ चा पूर्वार्ध
लुईव्हिल, १९१७ → प्रकरण ४ (जॉर्डन), ६ चा शेवट, ८
युद्धानंतरची कफल्लक अवस्था → ९
मग प्रत्येक तुकड्यापुढे ‘हे कोण सांगतंय’ ते लिहा. मजकूर निकच्या हातचा असला तरी माहिती जॉर्डनची, खुद्द गॅट्सबीची, वुल्फशाइमची किंवा म्हाताऱ्या बापाची. हे न करता चर्चेला बसलं की ‘तो खोटारडा’ विरुद्ध ‘तो बिचारा’ यापुढे गाडी जात नाही.
कोडी मेल्यावर गॅट्सबीच्या नावे २५,००० डॉलर ठेवलेले असतात. त्यातला एक पैसा त्याला मिळत नाही, कायद्याच्या कुठल्याशा डावपेचानं सगळं कोडीची मैत्रीण एला के हिच्याकडे जातं. वारसाहक्काची दारं त्याला एकदा बंद झाली ती तिथे. पुढे तो निकला ‘पैसा वारशानं आला’ असं सांगतो, तेव्हा हे आठवायला हवं.

जुनं_दप्तर
गॅट्सबीच्या बापानं दाखवलेलं, त्याच्या पोरवयातल्या दिनक्रमाचं पान (प्रकरण ९) हा अख्ख्या अमेरिकन स्वप्नाचा नमुना आहे. सहाला उठणं, सव्वासहाला डंबेल्स नि भिंत चढणं, सव्वासातला वीजविद्या, संध्याकाळी पाच ते सहा वक्तृत्व. बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातल्या दिनक्रमाची छाया स्पष्ट आहे. खाली निश्चय: आठवड्याला ५ डॉलर शिल्लक टाकणे. ते ५ खोडून ३ केलेत. खोडलेला आकडा छापून ठेवणारा लेखक थोरच.
पानावर तारीख १२ सप्टेंबर १९०६. हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉयच्या ज्या पुस्तकात ते लिहिलंय ते मात्र १९१०चं. फिट्झजेराल्डची चूक. तसंच डेझी मुलीला तीन वर्षांची म्हणते, पण लग्न जून १९१९, जन्म पुढच्या एप्रिलातला. १९२२च्या उन्हाळ्यात ती दोनच वर्षांची हवी.

चौथा_मजला
त्या मुलीच्या वयावरून काहीजण भलतेच तर्क काढतात. लेखकाची चूक आहे, एवढंच.

समुद्रापार
स्वप्न कुणासाठी, हेही बघा. टॉम पहिल्याच जेवणात गोऱ्या वंशाला धोका असल्याचं पुस्तक वाचून तावातावानं बोलतो. कादंबरी येण्याआधी दोनच वर्षं, १९२३मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय हे ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही असा निकाल दिला. थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित. मग सरकारनं पंडितांचंही नागरिकत्व काढायला दावा लावला, तो मात्र ते जिंकले. टॉमची ती बडबड तेव्हा कोर्टापर्यंत पोचलेली होती.

पानगळ
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद 🙏
२०१३च्या सिनेमात वुल्फशाइम अमिताभ आहे ना?

समुद्रापार
हो, तोच. कादंबरीत मात्र वुल्फशाइमची शर्टाच्या बाह्यांची बटणं माणसाच्या दाढांची आहेत. चौथं प्रकरण.

मोजमाप
विक्रीचा हिशोबही देऊन ठेवतो. १० एप्रिल १९२५ला स्क्रिब्नर या प्रकाशकाची पहिली छपाई २०,८७० प्रती, त्याच वर्षी दुसरी ३,०००. डिसेंबर १९४०मध्ये फिट्झजेराल्ड गेला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती पडूनच होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी दीडेक लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या, त्यानंतर पुस्तक जे उठलं ते उठलं.

निळी_शाई
भाचीसाठी कुठली प्रत घेऊ?

जुनं_दप्तर
केंब्रिजची १९९१ची ब्रुकोलींनी संपादित केलेली, टिपा उत्तम आहेत. खिशाला जड वाटली तर अमेरिकेतही १ जानेवारी २०२१पासून हक्क संपलेत, फुकट ई-प्रत मिळते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम, म्हणजे इथे त्याआधीच मोकळं झालं. कुणाला अनुवाद करायचा असेल तर परवानगी लागणार नाही.

आंबटगोड
@घडीचा_कोट सातवं पुन्हा वाचलंत का? दुकानांचा उल्लेख आधी, डेझीचं गप्प होणं नंतर.