चंद्राच्या मातीत ‘प्राणवायू’ म्हणायचं का?

रामबागवाली: इंदूरला आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या प्रदर्शनासाठी मराठी तक्ते करतेय, एका वाक्यावर अडलंय. ‘चंद्राच्या मातीत वजनाने ४० ते ४५ टक्के प्राणवायू असतो.’ भाची वाचून म्हणाली, मावशी, मग जमिनीला नाक लावलं की झालं ना? आता तो तर सिलिकॉन, लोखंड, टायटॅनियमला जखडलेला, म्हणजे दगडच. काय लिहू?

जुना खडू: ताई, सरळ ऑक्सिजन लिहा. इल्मेनाइट, म्हणजे तिथलं लोखंड-टायटॅनियमचं खनिज, हायड्रोजनमध्ये ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की वाफ निघते, तिचं पाणी करून त्यातून वीज सोडायची, मग जो मोकळा होतो तो प्राणवायू. त्याआधी नाही. मुलांना गंजाचं उदाहरण द्या, त्यातही ऑक्सिजन असतोच की.

माळवी: काका, गंजात आमच्याकडे दूध तापवतात! आई नागपूरची, तिचा गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला लागतो तो जंग.

जुना खडू: जंग फारसीतून हिंदीत आलाय. आमची आजी म्हणायची विळीला तांब चढली, बोट फिरवलं की तांबडी भुकटी लागायची. असे शब्द आपणच सोडले.

काढा: मुळात ऑक्सिजनला प्राणवायू म्हणणंच चूक. आयुर्वेदात प्राण हा प्राण, उदान, व्यान, समान, अपान या पाच वायूंतला, शरीरातला. शास्त्रीय परिभाषेचा कोश करणाऱ्या डॉ. रघुवीरांनी ऑक्सिजनला ‘जारक’ हा शब्द दिला होता, तो का नको?

माळवी: २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांसाठी रात्रभर सिलिंडर शोधत फिरलो, जारक म्हणालो असतो तर कोणाला कळलं असतं का. ज्या शब्दाने माणूस वाचतो तो शब्द खरा.

काढा: त्याच महिन्यात मराठी पेपरांत प्राणवायूच छापून येत होता, भाऊ. आणि ऑक्सिजन तरी कुठे बरोबर आहे? लाव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आम्ल करणारा समजून ते नाव ठेवलं, पण हायड्रोक्लोरिक ॲसिडात ऑक्सिजनचा कणही नाही.

रामबागवाली: बरं, तक्त्यावर ऑक्सिजन. पण मग ‘माती’ चालेल का? तिथे ना गांडूळ ना कुजलेला पाला, नुसता दगडाचा चुरा. आणि काका, तांब पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

जुना खडू: स्त्रीलिंगी. तांबेरा मात्र पुल्लिंगी, गव्हावर पडतो तो रोग.

माळवी: त्याला आमच्या गावाकडे गेरुआ म्हणतात.