शिक्षेच्या सुनावणीतलं पीडिताचं निवेदन: काय लिहावं, काय गाळावं, कधी द्यावं?

रुजुवात:

गुन्हा सिद्ध झाल्यावर आणि शिक्षा ठरण्याआधी पीडित व्यक्ती, किंवा ती हयात नसेल तर जवळचे नातेवाईक, गुन्ह्याने आपलं काय झालं ते न्यायालयाला सांगतात. हे व्हिक्टिम इम्पॅक्ट स्टेटमेंट लिहायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी टिपण तयार करते आहे. तीन ठिकाणी अडलं आहे.

‘याला जन्मठेपच द्या’ असं वाक्य ठेवावं का? बहुतेकांना सगळ्यात आधी तेच म्हणायचं असतं. खटल्यात न आलेली जुनी मारहाण लिहिता येते का? आणि न्यायाधीश या कागदाचं नेमकं करतात काय? मन मोकळं करायची जागा एवढाच त्याचा उपयोग असेल, तर लोकांना खोटी आशा लावायची नाही.

दप्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

शिक्षा ठरवताना दोन गोष्टी तोलल्या जातात: आरोपीचा दोष किती आणि त्याच्या कृत्याने झालेली हानी किती. दोषाबद्दलचा पुरावा खटल्यात आलेला असतो. हानीबद्दलचा पुरावा बहुधा अर्धवटच येतो. डॉक्टर जखमेची लांबी-खोली सांगून जातात. सहा महिन्यांनी तो हात कुठवर उचलतो, हे विचारायचं कारण खटल्यात कुणालाच नसतं. ती पोकळी हा कागद भरतो. शिवाय नुकसानभरपाईचा आकडा ठरवायला आणि सुटकेनंतर आरोपीने संपर्क साधू नये अशा अटी घालायला तो थेट उपयोगी पडतो. म्हणून ही नुसती मन मोकळं करायची जागा नाही. पण शिक्षेची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली असते आणि निवेदन कितीही हृदयद्रावक असलं तरी ती ओलांडता येत नाही, हे पीडितांना आधीच स्पष्ट सांगा.

आता ‘जन्मठेपच द्या’. हे देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये निवेदन हा पुरावा मानला जातो आणि शिक्षा किती असावी याबद्दलचं पीडिताचं मत विचारात घेतलं जात नाही. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये पर्किन्स खटल्यात हे नीट मांडलं आहे. कॅनडात ३४.२ क्रमांकाचा ठरावीक फॉर्म आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय शिक्षेची शिफारस करू नका, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. अमेरिकेत १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे प्रोबेशन अधिकारी जेम्स रोलँड यांनी ही पद्धत सुरू केली. मृत्युदंडाच्या खटल्यांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये बूथ खटल्यात असं निवेदन नाकारलं आणि चारच वर्षांनी पेन खटल्यात दार उघडलं. ते दार पूर्ण उघडलेलं नाही. कुटुंबाला हानी सांगता येते, पण आरोपीबद्दल आणि योग्य शिक्षेबद्दल मत देण्यावरची बूथमधली बंदी कायम आहे, असं त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये बॉसी खटल्यात पुन्हा बजावलं. मृत्युदंड नसलेल्या खटल्यांत मात्र तिथे बऱ्याच ठिकाणी शिक्षेबद्दल बोलू देतात.

टिपणात लिहा: स्थानिक नियम स्पष्ट परवानगी देत नसेल, तर शिक्षेचा आकडा टाकायचा नाही. ‘तो सुटला तर मी त्या घरात राहू शकणार नाही’ हे वाक्य मात्र चालतं. ती भीती आहे, आणि भीती ही हानीच.

उलटतपास:

बचाव पक्षाच्या टेबलावरून हा कागद कसा वाचला जातो, ते सांगते.

सगळ्यात आधी जुनी मारहाण. लिहू नका. आरोपी ज्या गुन्ह्यात दोषी ठरला, त्याच गुन्ह्याची हानी सांगायची. सिद्ध न झालेला आरोप आला की हरकत येते. मग न्यायाधीश ती वाक्यं काढून टाकायला लावतात किंवा तारीख पुढे जाते, आणि पीडिताला सगळं धैर्य पुन्हा गोळा करावं लागतं. गुन्हा कबूल करून तडजोड झाली असेल तर जास्त जपा. कबुली ज्या घटनाक्रमावर झाली, त्याच्या बाहेरचं एक वाक्यसुद्धा वादाला पुरतं.

दुसरी चूक म्हणजे साक्षीशी न जुळणं. साक्षीत ‘दोन आठवडे कामावर गेलो नाही’ आणि निवेदनात ‘तीन महिने’. दोन्ही खरं असू शकतं: आधी दोन आठवडे, मग शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अडीच महिने. पण तसं फोडून लिहिलं नाही तर बचाव पक्ष त्यावर बोट ठेवणारच. काही देशांत निवेदनावर उलटतपासणीही होऊ शकते. साक्षीची नक्कल शेजारी ठेवूनच मसुदा करा.

तिसरी चूक पत्त्याची. निवेदनाची प्रत आरोपीच्या वकिलांना मिळते, म्हणजे आरोपीलाही मिळते. नवा पत्ता, मुलांची शाळा, कामाच्या वेळा, समुपदेशकाचं नाव यातलं काहीही मजकुरात नको.

आणि विशेषणं कमी करा, हे मी कळकळीने सांगते. ‘माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं’ हे खरं असतं, पण असं वाक्य न्यायाधीशांनी असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी: ‘उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. कपाचा कान धरता येत नाही. शर्टाची वरची दोन बटणं दुसऱ्या कुणाला लावावी लागतात.’ यावर हरकत घ्यायला काही उरतच नाही, आणि न्यायाधीशांना तो हात दिसतो.

दप्तर:

अगदी बरोबर. त्याला जोडून रचनेचं सांगतो. शरीर, मन, पैसा आणि सुरक्षिततेची भीती असे चार भाग केले की काही सुटत नाही. पैशाच्या भागात प्रत्येक रकमेपुढे तारीख आणि पावती हवी, बुडालेल्या पगाराला मालकाचं पत्र हवं, आणि विम्यातून परत मिळालेली रक्कम वजा केलेली हवी. ती वजा केली नाही तर सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. दोन पानं पुरे. सावकाश वाचली तर पाच-सहा मिनिटं होतात.

रुजुवात:

खूप उपयोग झाला. भारतात हे कुठे बसतं? आणि मसुदा कधी तयार ठेवायचा?

कज्जेदलाल:

भारतात असा वेगळा फॉर्म संहितेत, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्यात, नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५८(२) शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकण्याबद्दल बोलतं ते आरोपीला. पीडिताचा उल्लेख तिथे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात शिक्षा देताना पीडिताला ऐकण्याचा गंभीरपणे विचार व्हावा असं म्हटलं, पण ते संहितेत आलेलं नाही. त्यामुळे वाट काढावी लागते. कलम १८(८) खाली न्यायालय पीडिताला सरकारी पक्षाच्या मदतीसाठी वकील नेमू देऊ शकतं. कलम ३३८(२) खाली तो वकील पुरावा संपल्यावर, न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. हानीचा तपशील त्यात घाला आणि नुकसानभरपाईची मागणी कलम ३९५ व ३९६ चा उल्लेख करून वेगळ्या परिच्छेदात मांडा. अंकुश शिवाजी गायकवाड खटल्याच्या निकालानुसार (२०१३) भरपाईच्या प्रश्नाचा विचार करून कारणं नोंदवणं न्यायालयावर बंधनकारक आहे. मागणी कागदावर असेल तर ते कर्तव्य नजरेआड होत नाही.

इथेच हा कागद महत्त्वाचा का, ते कळतं. कलम ४१३ च्या परंतुकाखाली पीडित तीनच कारणांनी अपील करू शकतो: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षा कमी वाटली म्हणून त्याला अपील नाही; परविंदर कन्सल खटल्यात (२०२०) हे स्पष्ट झालं. ते अपील सरकारने करायचं, कलम ४१८ खाली. पीडिताला पुनरीक्षण अर्ज (खालच्या न्यायालयाचा आदेश वरच्या न्यायालयाने तपासावा असा अर्ज) उरतो, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. तेव्हा शिक्षेबद्दल जे पोहोचवायचं, ते खालच्या न्यायालयातच पोहोचलं पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर दोषी ठरवल्याच्या दिवशीच शिक्षेवर ऐकून आदेश होऊ शकतो. त्या दिवशी लिहायला बसलात तर उशीर झाला. मसुदा युक्तिवाद सुरू होण्याआधी तयार हवा. पण निकालाआधी तो दाखल करू नका, वकिलांकडेच ठेवा. आधी दिलेल्या कागदातलं वाक्य साक्षीच्या विरोधात वापरलं जाण्याचा धोका असतो. निकालाच्या आदल्या आठवड्यात एकदा वाचून ताजं करा: नवी शस्त्रक्रिया, सुटलेली नोकरी, बंद झालेली औषधं.

उलटतपास:

एक राहिलं. ज्यांना काहीच लिहायचं नाही, त्यांना भरीस घालू नका. निवेदन नाही म्हणून हानीच झाली नाही असं इंग्लंडमधल्या न्यायालयांना गृहीत धरता येत नाही, आणि कुठल्याच न्यायालयाने ते धरू नये. लिहायचं आहे पण आरोपीसमोर वाचता येणार नाही, असं कुणी म्हणालं तर सरकारी वकिलांना वाचायला सांगता येतं. वाचणाऱ्याला आधी एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. नावांचे उच्चार तिथेच चुकतात, आणि मेलेल्या मुलाचं नाव न्यायालयात चुकीचं ऐकणं आईला फार लागतं.