मदत हवी आहे: ज्वारी-करडईच्या मिश्र पिकाचे उत्पादन कसे मोजावे?

रानवाट: शाश्वत अन्नव्यवस्थेवरील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मंगळवेढा तालुक्यातील रब्बीची शेते पाहिली आहेत. ज्वारीत करडईच्या ओळी असलेल्या रानात ज्वारी कमी पिकते, म्हणून ही पद्धत मागे पडते, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे; परंतु त्याच रानातून घरचे तेलही निघते, ते हिशेबात कसे धरावे? प्रकरण याच आठवड्यात द्यायचे आहे, तेव्हा कृपया थेट सूत्र सांगावे.

कोरडवाहू: जमीन भारी की हलकी, वाण कोणता, पाणी दिले होते का? एका रानात भारी जमिनीची फुले वसुधा आणि दुसऱ्यात हलक्या जमिनीची फुले अनुराधा असेल, तर फरक करडईमुळे पडला की मातीच्या खोलीमुळे, हे कोणतेही सूत्र सांगू शकणार नाही.

हस्तनक्षत्र: जमीन समतुल्य गुणोत्तर काढा. समजा, मिश्र रानात ज्वारी सलग (म्हणजे एकट्याच पेरलेल्या) पिकाच्या ०.७५ पट आणि करडई ०.४० पट आली, तर बेरीज १.१५ होते, म्हणजे एक हेक्टर मिश्र पिकाइतके धान्य व तेलबिया सलग पिकांतून मिळवायला १.१५ हेक्टर जमीन लागेल.

बांधावरून: त्यापेक्षा करडईच्या उत्पादनाला तिच्या भावाने गुणून ज्वारीच्या भावाने भागावे, त्यात ज्वारीचे उत्पादन मिळवावे आणि येणारे ज्वारी समतुल्य उत्पादन मांडावे. शेतकऱ्याला तेच पटते.

हस्तनक्षत्र: भाव दरवर्षी बदलतो, जमीन तेवढीच राहते. भविष्यातील अन्नाचा विचार करताना बाजारभावाला प्रमाण मानणे मला मान्य नाही.

शिवारमित्र: मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. शेतकऱ्यांनी गट करून थेट ग्राहकांना विक्री केली, तर उत्पन्न निश्चित वाढेल.

कोरडवाहू: विक्रीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण येथे प्रश्न मोजणीचा आहे. धागाकर्त्यांनी माहिती द्यावी.

रानवाट: सर्व रानांत काळी भारी जमीन, मालदांडी ३५-१ आणि केवळ जमिनीतील ओल, पाणी दिलेले नाही. सलग करडई मात्र कोणाकडेच नाही. वजन ज्वारीच्या दाण्याचे आणि करडईच्या बियांचे घेतले आहे.

बांधावरून: मग सोलापूरच्या संशोधन केंद्रातील सलग करडईचे आकडे वापरा.

हस्तनक्षत्र: तसे करू नये. केंद्रावरील मशागत आणि निगा वेगळी असते. तिथले मोठे उत्पादन भाजक म्हणून घेतले, तर मिश्र पिकाचे गुणोत्तर विनाकारण घसरेल. या परिस्थितीत समतुल्य उत्पादनच काढावे लागेल, मात्र एकाच वर्षाचा भाव न धरता काही वर्षांच्या भावांनी पडताळून पाहावे, आणि सलग करडई नसल्याने जमीन समतुल्य गुणोत्तर काढता आले नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

कोरडवाहू: आणि कडब्याचे काय? मालदांडी लोक भाकरीइतकीच कडब्यासाठी पेरतात. तो वगळला, तर गुरांचे वर्षभराचे खाणे आणि त्यांच्यापासून रानात परत येणारे शेणखत, दोन्ही हिशेबाबाहेर राहते.

रानवाट: कडब्याच्या गंजी अजून मोडलेल्या नाहीत, पण त्यांचे वजन आता कसे घेणार?

कोरडवाहू: संपूर्ण गंज तोलण्याची आवश्यकता नाही. वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतील काही वाळलेल्या पेंढ्या काट्यावर तोला, सरासरी काढा आणि एकूण पेंढ्यांनी गुणा. पेंढ्यांची संख्या काढणीला आलेल्या मजुरांना विचारा; बांधणी बहुधा पेंढ्यांच्या शेकड्यावर ठरलेली असते. मिश्र रानाचा आणि सलग ज्वारीचा कडबा वेगवेगळा रचला आहे का, हे मात्र आधी पाहा.