बजेट सरप्लसमध्ये असून आयर्लंड बुडालं कसं? (डिझर्टेशनसाठी विचारतेय, आपल्या स्टॅम्प ड्युटीशी पण संबंध आहे)

चहाबाज_अर्थ

मंडळी नमस्कार. एमए इकॉनॉमिक्स दुसरं वर्ष, पुणे. डिझर्टेशनला रिअल इस्टेट आणि सरकारी तिजोरी असा ढोबळ विषय घेतलाय, गाईड मॅडम म्हणाल्या आधी आयर्लंड वाच मग बोलू. वाचतेय पण एका जागी अडकलेय.

ग्रीसचं समजतं, उधारीवर संसार केला, आकडे लपवले, एक दिवस उघडं पडलं. पण आयर्लंडचं २००६ ला बजेट जीडीपीच्या जवळपास ३% सरप्लसमध्ये होतं, २००७ ला सरकारी कर्ज जीडीपीच्या २५% च्या आसपास, म्हणजे जर्मनीच्या निम्म्याहून कमी. युरोपचे सगळे नियम पाळणारं गुणी बाळ. आणि २०१० ची तूट बघितली तर ३२%. मला वाटलं टायपो असेल, ३.२ असेल, तीन-चार ठिकाणी बघितलं, ३२ च आहे!!

तर प्रश्न असा की हे सगळं बँका वाचवायला पैसे ओतले म्हणून झालं, का बँका बाजूला ठेवल्या तरी सरकारचा हिशोब मुळातच चुकलेला होता? आणि दुसरं, आपल्या राज्याची स्टॅम्प ड्युटी दरवर्षी नवा उच्चांक गाठते अशा बातम्या येतात, त्याकडे आनंदाने बघायचं का काळजीने?

---

सडेतोड

बँकाच. २९ सप्टेंबर २००८ ला रात्रभर बैठक झाली आणि सकाळी सरकारने सगळ्या मोठ्या देशी बँकांची देणी स्वतःच्या डोक्यावर घेतली. शेवटी बँकांवर ६४ अब्ज युरो गेले, देशाची लोकसंख्या तेव्हा साडेचार कोटी पण नाही, साडेचार मिलियन, म्हणजे ४५ लाख. पिंपरी-चिंचवड आणि अर्धं पुणं धरा. विषय संपला, यात एवढं रिसर्च कसलं.

---

डब्लिनचा_डोंबिवलीकर

विषय संपला नाही साहेब, अर्धाच झाला.

चहाबाज, तू माझ्या भाचीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. मी २००५ ला इकडे आलो, आयटीत. तेव्हा ऑफिसात जेवायच्या सुट्टीत लोक घरांबद्दल असे बोलायचे जसे आपण क्रिकेटबद्दल बोलतो. माझ्या टीममधला सव्वीस वर्षांचा पोरगा, हातात शिल्लक शून्य, बँकेने १००% लोन दिलं, ३५ वर्षांचं. घेतलं घर, ऑफिसपासून दीड तास लांब. वर्षभरात त्याच घराची किंमत वाढली म्हणून त्यावर अजून कर्ज काढून बल्गेरियात समुद्राजवळ फ्लॅट घेतला. बल्गेरिया! तो पठ्ठ्या तिथे कधी गेला पण नव्हता. मी पण घेणार होतो, खोटं कशाला बोलू, बायको म्हणाली डोंबिवलीचं लोन फिटू दे आधी मग इथलं बघू. त्या एका वाक्याने वाचलो.

आता तुझा प्रश्न. २०१० च्या त्या ३२% मधून बँकांना दिलेले पैसे वजा कर, साधारण २० टक्के त्यात जातात. तरी तूट उरते ११-१२%. म्हणजे एकही बँक बुडाली नसती तरी सरकार गोत्यातच होतं. हवं तर स्पेन शेजारी ठेवून बघ. तिथे पण २००७ ला सरप्लस, जीडीपीच्या २% च्या आसपास, आणि २००९ ला तूट ११%. स्पेनच्या बँकांसाठी युरोपकडून पैसे घेतले ते २०१२ ला, म्हणजे तूट आधी, बँकांचं बिल नंतर. हा क्रम तुझ्या डिझर्टेशनमध्ये घाल, मॅडम खूष होतील.

मग सरप्लस आला कुठून? इथे एक नवीन घर विकलं की सरकारला त्यावर १३.५% व्हॅट, जुनं विकलं तर ९% पर्यंत स्टॅम्प ड्युटी, विकणारा गुंतवणूकदार असेल तर नफ्यावर कॅपिटल गेन्स, बिल्डरच्या नफ्यावर टॅक्स, गवंड्याच्या पगारावर टॅक्स, आणि नवीन घरात सोफा फ्रीज पडदे येणार त्यावर परत व्हॅट. एका घरामागे सरकार पाच-सहा वेळा वाटीभर तूप काढून घेत होतं. २००६ ला जवळजवळ ९०,००० घरं बांधली या एवढ्याशा देशाने. पैसा एवढा आला की अर्थमंत्र्यांनी दर बजेटला इनकम टॅक्स कमी केला, बऱ्याच लोकांना त्यातून बाहेरच काढलं, सरकारी पगार वाढवले. टॅक्स पण कमी आणि खर्च पण जास्त, आणि तरी सरप्लस. कोणाला नको असेल?

आणि गंमत म्हणजे घर नुसतं मालकीचं असण्यावर टॅक्स नव्हताच. आपल्या घरपट्टीसारखा जो होता तो १९७७ च्या निवडणुकीत वचन देऊन पुढच्या वर्षी काढून टाकला. म्हणजे घर विकलं तरच सरकारला पैसा, घर नुसतं असलं तर काही नाही. हे नीट लक्षात घे, कारण मंदीत किमती हळूहळू उतरतात, माणूस म्हणतो मी एवढ्याला घेतलंय एवढ्यालाच विकीन, आणि विकतच नाही. भाव १०% पडायच्या आत व्यवहार निम्मे होतात. स्टॅम्प ड्युटी सगळी मिळून २००६ ला साडेतीन अब्ज युरोच्या वर होती, २००९ ला जेमतेम एक अब्जाच्या आसपास. भाव तेव्हा निम्मे पण झाले नव्हते, ते २०१२-१३ पर्यंत झाले.

बाकी उद्या लिहितो, इथे रात्रीचे साडेबारा झालेत.

---

चहाबाज_अर्थ

काका काय सुंदर समजावलंत!! एकेरीचा अजिबात राग नाही. पण मग त्यावेळी आयएमएफ, युरोपियन कमिशन हे लोक तपासत होते ना? सायकल (तेजी-मंदीचा परिणाम) वजा करून स्ट्रक्चरल बॅलन्स, म्हणजे सरकारची मूळची शिल्लक किंवा तूट, काढतात असं आम्हाला शिकवलंय, त्यात का दिसलं नाही?

---

डब्लिनचा_डोंबिवलीकर

तिथेच तर खरी मेख आहे. स्ट्रक्चरल बॅलन्स काढताना बघतात की अर्थव्यवस्था तिच्या कुवतीपेक्षा जास्त पळतेय का, आणि कुवत कशावरून ठरवतात तर मागच्या काही वर्षांच्या वाढीवरून, महागाईवरून. दहा वर्षं फुगाच चालू असेल तर फुगाच नॉर्मल दिसतो ना. महागाई फार नव्हती, मजूर पोलंडहून येत होते, बांधकामात १३% लोक कामाला होते आणि ते पण "कुवत" म्हणून मोजले गेले. त्यामुळे तेव्हा सगळ्यांच्या कागदावर प्रकृती ठणठणीत, आणि नंतर मागे जाऊन त्याच २००७ चा हिशोब परत मांडला तर मोठी स्ट्रक्चरल तूट. तेच वर्ष, तोच देश. ताप मोजायचा थर्मामीटरच तापलेला होता म्हण.

ओरडणारे नव्हते असं नाही. मॉर्गन केली नावाचे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचे प्राध्यापक, त्यांनी २००६ च्या शेवटी पेपरात लिहिलं आणि २००७ ला शोधनिबंध काढला, दुसऱ्या देशांमधले आधीचे फुगे तपासून, की जेवढं चढलंय त्यातलं बरंचसं उतरणार. लोकांनी वेड्यात काढलं. त्याच वर्षी पंतप्रधान बर्टी अहर्न जाहीर भाषणात बोलून गेले की बाजूला बसून कुरकुर करणारे आत्महत्या का करत नाहीत कळत नाही, नंतर माफी मागावी लागली. मी ते टीव्हीवर बघितलंय, कॅन्टीनमध्ये लोक हसत होते.

---

निवृत्त_लेखापाल

उशिरा येतोय चर्चेत. मी एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात ३१ वर्षं काढली, कुठल्या ते सोडा. आयर्लंडचं मला काही माहीत नव्हतं पण डोंबिवलीकरांनी जे लिहिलंय ते वाचून आमचंच बजेट वाचल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे जमा बाजू दोन प्रकारची असते. एक घरपट्टी, दरवर्षी येते, वसूल करायला घाम गाळावा लागतो, नगरसेवक वाढवू देत नाहीत, थकबाकीदारांसाठी दर दोन-तीन वर्षांनी अभय योजना. दुसरी नगररचनेची जमा, विकास शुल्क, प्रीमियम, टीडीआर, एफएसआयचे म्हणजे जादा बांधकामाच्या हक्काचे पैसे. ही बिल्डर स्वतः चालत येऊन भरतो, कुणी मोर्चा काढत नाही, त्यामुळे सगळ्यांची लाडकी. बजेट फुगवायचं असलं की आयुक्तांच्या आकड्यावर स्थायी समिती चढवायची आणि चढवायची कुठे तर नगररचनेत. खर्च मात्र पगार, पेन्शन, कचरा, पाणी, जो कधीच कमी होत नाही. बाजार पडला त्या वर्षी आम्ही काय केलं तर ठेकेदारांची बिलं थांबवली, रस्त्यांची कामं पुढच्या वर्षात ढकलली. तिजोरी "बुडाली" असं कुणी म्हणत नाही, फक्त रस्ता होत नाही. ठेकेदार पायऱ्यांवर बसून असायचे, मार्च एंडिंगला तर विचारू नका.

राज्याचं पण फार वेगळं नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, महापालिकांचा एलबीटी (शहरात येणाऱ्या मालावरचा स्थानिक कर) आणि मुंबईची जकात गेली, राज्याच्या हातात स्वतःचा दर ठरवता येईल असं उरलं काय, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, दारू, गाड्या, वीज आणि मुद्रांक. म्हणून मुद्रांकाची जमा वाढली की सगळे खूष, आता वर्षाला ५०,००० कोटींच्या पुढे गेलीय.

कोविडमध्ये बघा, सप्टेंबर २०२० ला ड्युटी ५ वरून थेट २% केली डिसेंबरपर्यंत, पुढे मार्चपर्यंत ३%. डिसेंबरात दुय्यम निबंधकांच्या ऑफिसबाहेर जी रांग लागली ती माझ्या मुलाने दोन दिवस अनुभवली, सर्व्हर बंद, टोकन संपलं, उद्या या. मग कळलं की ३१ डिसेंबरच्या आत ड्युटी भरून दस्तावर सही केली की नोंदणीला चार महिने मिळतात, तेव्हा जीवात जीव आला. बाजार उठला हे खरं. पण त्यातले किती नवे ग्राहक आणि किती जण पुढच्या वर्षी घेणारच होते ते अलीकडे ओढले गेले, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे बाळ, करायचा तर तो कर.

---

सडेतोड

लेखापाल साहेब मान्य, पण आयर्लंडशी तुलना ओढून-ताणून आहे. आपल्याकडे बँक बिल्डरला जमीन घ्यायला कर्ज देऊच शकत नाही, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. घराला ७५ लाखांच्या वरच्या लोनला ७५% च मिळतं. आणि वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, २००५-०६ मध्ये, जग पार्टी करत होतं तेव्हा त्यांनी कमर्शियल रिअल इस्टेटच्या कर्जाचं रिस्क वेट (ते जेवढं जास्त तेवढं बँकेला त्या कर्जामागे स्वतःचं भांडवल जास्त ठेवावं लागतं) १०० वरून १२५ आणि मग १५० केलं. तेव्हा बिल्डर लॉबी शिव्या घालत होती. डब्लिनला असा एक माणूस असता तर?

---

निवृत्त_लेखापाल

रेड्डींना माझा नमस्कारच आहे. पण बँकेने दार लावलं की पैसा एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांच्या, खिडकीतून येतो, २०१८ ला त्यातलीच आयएल अँड एफएस कोसळल्यावर तेच दिसलं ना? पुढच्या वर्षी डीएचएफएल, दिवाळखोरी कायद्याखाली गेलेली पहिली फायनान्स कंपनी. अर्धवट इमारतींसाठी केंद्राला २५,००० कोटींचा स्वामीह फंड काढावा लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये. आयर्लंडएवढं नाही, हजार वेळा मान्य. पण शेवटी हात सरकारलाच द्यावा लागला. माझ्या मेहुण्याचा फ्लॅट अजून सातव्या स्लॅबवर आहे, त्याला विचारा रिस्क वेट काय ते.

---

इंपोर्टवाला

चीन कसं कोणी आणत नाही यात? मी दहा-बारा वर्षं तिकडून मशिनरी आणतोय, थोडंफार बघितलंय. तिथे १९९४ ला टॅक्सची वाटणी बदलली, मोठा वाटा बीजिंगला, खर्च मात्र शहरांच्या गळ्यात. शहरात जमीन सरकारचीच, मग गावोगावच्या सरकारांनी काय केलं, जमीन ७० वर्षांच्या हक्काने बिल्डरला विकायची आणि त्यावर मेट्रो, पूल, स्टेडियम. इथे टॅक्स नाही, सरळ मालच विकतात. २०२१ ला जमीनविक्रीतून ८.७ ट्रिलियन युआन आले. पण त्याआधी २०२० च्या ऑगस्टमध्ये बिल्डरांच्या कर्जावर तीन लाल रेषा, म्हणजे मर्यादा, आखल्या होत्या, एव्हरग्रँड ही बडी बिल्डर कंपनी त्यात अडकली, ग्राहक घाबरला, आणि २०२४ ला तोच आकडा ५ ट्रिलियनच्या खाली.

मधल्या काळात एक भारी प्रकार झाला, बिल्डर लिलावाला येईनात तर शहर सरकारांच्या स्वतःच्याच फायनान्स कंपन्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. म्हणजे या खिशातून त्या खिशात, आणि कागदावर जमीनविक्री चालू. शेवटी नोव्हेंबर २०२४ ला १० ट्रिलियन युआनचं पॅकेज काढून त्या लपलेल्या कर्जांचे साधे सरकारी बाँड करायला घेतले. २०२२ नंतर माझ्या सप्लायरच्या गावात सरकारी शिक्षकांचे पगार कापले असं तोच सांगत होता, खरंखोटं तो जाणे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं म्हणजे मुंबईचं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल). एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, वर्षानुवर्षं तिथले प्लॉट लीजवर देऊन प्रकल्प चालवले, आता प्लॉट कमी आणि मेट्रो जास्त, तर कर्जं काढतात. यावर कोणीतरी नीट लिहायला पाहिजे.

---

चहाबाज_अर्थ

एवढं मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं. मॅडमशी बोलले आत्ता फोनवर, त्या म्हणाल्या तीन देश वगैरे नको, आवर. तर लेखापाल काकांचा प्रश्न घेतेय, २०२० ची ड्युटी कपात, महिन्यावार दस्तांची संख्या आणि जमा, आणि नंतरच्या दोन वर्षांत खड्डा पडला का ते. आयर्लंड एका चॅप्टरमध्ये.

डोंबिवलीकर काका शेवटचा प्रश्न, मग तिकडे काही सुधारलं का?

---

डब्लिनचा_डोंबिवलीकर

२०१० च्या शेवटी ८५ अब्ज युरोचं पॅकेज घेतलं, त्यातले साडेसदुसष्ट बाहेरून. सरकार नाही नाही म्हणत होतं आणि सेंट्रल बँकेचे गव्हर्नर होनोहन यांनी रेडिओवर फोन करून सांगून टाकलं की कर्ज येतंय. मी तेव्हा बसमध्ये होतो, ड्रायव्हरने आवाज मोठा केला. त्यानंतर पगारकपात, नवीन सोशल चार्ज, आणि २०१३ पासून घरावर वार्षिक टॅक्स, जो १९७८ ला काढला होता तोच फिरून. माझं घर २०१४ चं, मी पण भरतो, आपल्या घरपट्टीसारखीच शिव्या देत.

बाकी सवय गेली असं म्हणवत नाही. आता घरांच्या जागी अमेरिकन कंपन्यांचा कॉर्पोरेशन टॅक्स आहे, त्यातला निम्म्याहून जास्त दहा कंपन्यांकडून येतो. यावेळी त्यातलं थोडं बाजूला काढायला फंड तरी केलाय. बजेटच्या दिवशी मात्र ऑफिसात परत तीच चर्चा, यंदा काय काय वाटणार.

बल्गेरियावाला पोरगा २०११ ला ऑस्ट्रेलियाला गेला, मध्ये लिंक्डइनवर दिसला. मेलबर्नमध्ये प्रॉपर्टी कन्सल्टंट आहे.

---

निवृत्त_लेखापाल

बाळ, एक काम कर. महिन्याचे आकडे घेताना मार्च महिना वेगळा काढ, दरवर्षी रेडी रेकनर (ज्यावर ड्युटी मोजतात ते सरकारी दर) वाढेल या भीतीने मार्चात दस्तांची झुंबड असतेच, कोविड असो नसो. आणि मार्च २०२१ मध्ये सवलतीची शेवटची तारीख पण आहे, दोन्ही एकत्र धरलेस तर गल्लत होईल. एप्रिल-मे २०२१ ला परत निर्बंध होते, तो खड्डा ड्युटीच्या नावावर टाकू नकोस.