'स्वतंत्र' परीक्षा मंडळ की 'स्वायत्त' परीक्षा मंडळ?

प्रश्न : शालेय परीक्षा घेण्यासाठी शिक्षण खात्याच्या बाहेरची, आपले निर्णय आपणच घेणारी सार्वजनिक संस्था असावी, अशा आशयाचे निवेदन आम्ही काही शिक्षक मिळून तयार करीत आहोत. मसुद्यात 'स्वतंत्र परीक्षा मंडळ' असे लिहिले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याऐवजी 'स्वायत्त' सुचवले. या दोन शब्दांत अर्थाचा खरोखर फरक आहे का? आणि 'मंडळ' म्हणावे की 'परिषद' किंवा 'प्राधिकरण'?

प्रतिसाद : फरक आहे, आणि आपल्या निवेदनाचा सगळा भार त्याच फरकावर आहे. मराठीत 'स्वतंत्र' हा शब्द दोन कामे करतो. 'प्रत्येक विभागाची उत्तरे स्वतंत्र उत्तरपत्रिकेत लिहावीत' या सूचनेत त्याचा अर्थ केवळ 'वेगळी' एवढाच असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ आहे. ते स्वतंत्र आहे असे आपण सहज म्हणतो, पण पुण्याच्या राज्य मंडळापासून ते मुक्त आहे असे त्यातून कोणाला सुचवायचे नसते. त्यामुळे 'स्वतंत्र मंडळ द्या' ही मागणी वाचणारा अधिकारी खात्यातच एक नवी शाखा उघडून 'मागणी मान्य झाली' असे प्रामाणिकपणे म्हणू शकेल, आणि शब्दार्थाने तो चुकणार नाही.

शिवाय 'स्वतंत्र' म्हटले की 'कोणापासून' हा प्रश्न उरतोच. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. 'मॅट्रिक' या शब्दाचा मूळ अर्थच विद्यापीठाच्या पटावर नाव लागणे असा आहे. पुढे ही परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली आणि 'शालान्त परीक्षा' हा शब्द रुळला. परीक्षा तेव्हा विद्यापीठापासून स्वतंत्र झाली हे खरे, पण शासनापासून झाली असे नव्हे. एकच विशेषण दोन्ही ठिकाणी वापरले की हा भेद बुजतो.

'स्वायत्त' या शब्दात ही पळवाट नाही. 'आयत्त' म्हणजे अधीन. 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' हे कर्णाच्या तोंडचे वचन आपल्याला पाठ असते. कुळ दैवाच्या अधीन, पराक्रम माझ्या अधीन. जे स्वतःच्याच अधीन ते स्वायत्त. (भाववाचक नाम 'स्वायत्तता' आहे, 'स्वायत्ता' हे रूप अशुद्ध असून मसुद्यांत ते फार वेळा दिसते.) मात्र हा शब्द लिहिल्याने गुण येत नाही. आपले राज्य मंडळ 1965 च्या कायद्यान्वये 1 जानेवारी 1966 रोजी अस्तित्वात आले आणि त्याला स्वायत्त म्हटले जाते. परंतु अध्यक्षांची नेमणूक राज्य शासन करते. म्हणून नेमणूक, पैसा आणि निकालाची तारीख यांपैकी काय कोणाच्या 'आयत्त' राहील, हे निवेदनात स्पष्ट लिहावे, असा माझा आग्रह आहे.

नावाविषयी थोडक्यात. 'प्राधिकरण' या शब्दाला हुकमाचा वास आहे आणि 'महामंडळ' म्हटले की एसटी आठवते. 'परिषद' चांगला शब्द आहे, पण शिष्यवृत्ती आणि शिक्षक पात्रता परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यात आधीपासून आहे, त्यामुळे गोंधळ होईल. 'मंडळ' ठेवावे, मात्र त्याआधी 'शिक्षण' नको, 'परीक्षा' हवे, कारण आपल्याला जे काम सोपवायचे आहे ते तेवढेच आहे. 'नियामक' हा शब्दही टाळावा. शिक्षकांच्या कानाला नियामक म्हणजे परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणारा, आणि संस्थाचालकांच्या कानाला नियामक मंडळ म्हणजे संस्थेची कारभारी समिती.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. मसुद्यातील 'मंडळ गठित करून परीक्षांचे आयोजन करण्यात यावे' हे वाक्य तरी चालेल ना?

प्रतिसाद : व्याकरणाने चालेल, पण ते मराठी कानाचे नाही. 'गठित' हा हिंदी कार्यालयीन भाषेतून आलेला शब्द आहे. आपल्याकडे संस्था 'स्थापन' होते आणि समिती 'नेमली' जाते. 'आयोजन' संमेलनाचे करतात. परीक्षा विद्यार्थी 'देतो' आणि मंडळ 'घेते'. या 'घेणे'मध्ये प्राश्निकाने प्रश्नपत्रिका काढण्यापासून केंद्रसंचालकाने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोहोरबंद करण्यापर्यंत सारे सामावते. म्हणून असे लिहावे : 'शालेय परीक्षा घेण्यासाठी कायद्याने स्वायत्त परीक्षा मंडळ स्थापन करावे.' 'कायद्याने' हा शब्द गाळू नये. शासन निर्णयाने स्थापन झालेले मंडळ दुसऱ्या शासन निर्णयाने बरखास्त करता येते. कायद्याने स्थापन झालेले मंडळ मोडायचे तर विधिमंडळापुढे जावे लागते.